कृपया पुस्तकावर काही लिहू नये

वाचणाऱ्या माणसाला न वाचणाऱ्यांचा त्रास मुळीच नसतो. ते बिचारे आपल्या वाटेनं जातात. घरातली पुस्तकांची कपाटं बघून "एवढी धूळ कशी हो सहन होते?" एवढंच विचारतात आणि चहा पिऊन निघतात. खरा त्रास असतो तो 'मला वाचनाची भयंकर आवड आहे, फक्त वेळ मिळत नाही' असं म्हणणाऱ्यांचा. ही माणसं लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या फलाटावर, दातांच्या दवाखान्यात, अगदी स्मशानात सरण रचलं जात असतानासुद्धा गाठतात आणि हळूच म्हणतात, "एखादं छानसं पुस्तक सुचवा ना."

आपण हुरळतो. तोंड उघडतो.

"फार जाड नको हं."

"बरं. मग..."

"रडकं नको. इतिहास नको. आणि ते खेड्यातलं, भाषा कळत नाही तसलं नको."

"हलकंफुलकं चालेल?"

"छे छे, अगदीच हलकं कशाला? वैचारिक हवं. फक्त विचार करावा लागेल असं नको. दिवसभर ऑफिसात डोकं उठलेलं असतं."

या चाळणीतून खाली पडणारं पुस्तक माझ्या माहितीत एकच आहे, बँकेचं पासबुक. जाड नाही, खेड्यातलं नाही, भाषा सोपी. पण माझं तरी रडकं आहे, त्यामुळे तेही कुणाला सुचवता येत नाही.

हे सगळं तोंडी चालत होतं तोवर निभावलं. गेल्या वर्षी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीनं वाचनालय काढलं आणि माझी मतं लेखी झाली.

वाचनालय काढावं असं खरं तर कुणाच्याच मनात नव्हतं. मीटर रूम साफ करताना एक पत्र्याचं कपाट निघालं. त्याची किल्लीही निघाली. आणि किल्ली असलेलं कपाट रिकामं ठेवणं मराठी माणसाला जमत नाही. सर्वसाधारण सभेत सूचना आल्या. खजिनदार म्हणाले, पंपाचे सुटे भाग ठेवू. गणेशोत्सव सांभाळणाऱ्या वहिनी म्हणाल्या, थर्माकोलचं मखर ठेवू. थर्माकोलवर बंदी आल्यापासून ते मखर लावताही येत नाही आणि टाकवतही नाही. शेवटी सेक्रेटरी उभे राहिले. "कपाट जिन्याखाली उघड्यावर राहणार. सुटे भाग एका रात्रीत जातील. त्यापेक्षा पुस्तकं ठेवू. पुस्तकं कोण चोरतोय?"

टाळ्या पडल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला, जे गच्चीच्या गळतीबाबत आजतागायत झालेलं नाही. आता ग्रंथपाल कोण? मी शेवटच्या रांगेत मांडीवर पुस्तक ठेवून वाचत होतो. "हे बघा, हे आत्तासुद्धा वाचतायत!" कुणीतरी मुद्देमालासह चोर सापडल्याच्या आनंदात ओरडलं. माझी निवड बिनविरोध झाली.

लोकांनी पुस्तकं सढळ हातानं दिली. रद्दीवाल्यानं नाकारलेली आधी आली. मग 'एक होता कार्व्हर' आलं. आणि येतच राहिलं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक 1981 सालचं. तेव्हापासून महाराष्ट्रात ज्याला कशाबद्दल म्हणून बक्षीस मिळालं, त्याला बहुधा हेच मिळालं असावं. एकट्या बी विंगमधून आलेल्या प्रतींवर 'लिंबू-चमचा, द्वितीय' पासून 'पाठांतर, उत्तेजनार्थ' पर्यंत सगळे कागद चिकटवलेले होते. पुस्तक खरोखर गोड आहे. गुलामीत जन्मलेलं एक पोर मातीचं आणि भुईमुगाचं शास्त्र शिकून शेतकऱ्यांना उभं करतं, ते वाचताना आपण शेंगदाणेसुद्धा आदरानं खायला लागतो. पण त्या प्रतींची पानं अजून एकमेकांना धरून होती. बक्षीस मिळवणारी मुलं पुस्तक वाचत नाहीत; ती पुढच्या स्पर्धेच्या तयारीत असतात.

चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी वेळेच्या नियोजनावरची पुस्तकं आणून दिली, चांगली डझनभर. प्रत्येकात पहिल्या प्रकरणाच्या अलीकडेच लोकलचं तिकीट खूण म्हणून अडकवलेलं.

"पुढे वाचली नाहीत?"

"वेळच मिळाला नाही हो."

हे त्यांनी इतक्या निरागसपणे सांगितलं, की मला हसायलाही वेळ मिळाला नाही. या जातीच्या पुस्तकांबद्दल माझं मत स्वच्छ आहे. सांगायची गोष्ट एकच असते, पहाटे लवकर उठा. ती मुखपृष्ठावरच छापली तर पुस्तक कोण घेईल? म्हणून आत दोनशे पानं घालतात. माझी आजी हाच मजकूर पांघरूण ओढून सांगायची, आणि तिची नवी आवृत्ती रोज पहाटे निघायची.

मग सेक्रेटरींना कल्पना सुचली. सेक्रेटरींना कल्पना सुचली की मेंटेनन्स वाढतो, पण या वेळी फक्त माझ्या डोक्याचा ताप वाढला. "प्रत्येक पुस्तकाबद्दल तुमचं मत दोन ओळींत लिहून ठेवा. खाली जागा सोडा. वाचलं की मेंबर आपलं मत लिहितील, नाव लिहितील. नोंदही राहील आणि चर्चाही होईल." त्यांनी जुनं जाड रजिस्टर दिलं. त्याची पहिली काही पानं उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरच्या नोंदींनी भरलेली होती. 'उशिरा आला. पाणी गढूळ. अर्धाच भरलेला.' कित्येक कादंबऱ्यांबद्दल मला आयुष्यभर जे म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते, ते आमच्या पंपवाल्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. पुढे मी ही वाक्यं अधूनमधून जशीच्या तशी वापरली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिलं मत मी 'मृत्युंजय'वर लिहिलं. 'कर्णावर अन्याय झाला. हे तो स्वतः सांगतो. मग कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण सांगतात. आपल्याला पटतं.' शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967ची. विशीच्या आत वाचली तर माणूस काही दिवस छाती चाचपून बघत राहतो, कवच आलंय का. मीही बघितलं होतं. घामोळं होतं.

माझ्या मतात वावगं काय होतं? पण सोसायटीत नुकत्याच पार्किंगच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या, आणि ज्यांना ज्यांना जागा लागली नव्हती त्यांनी ते पुस्तक एकापाठोपाठ एक नेलं. परत आणताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सूर्यपुत्राचं तेज. सी विंग मागाहून बांधलेली, त्यामुळे तिथले लोक स्वतःला मुळातच सूतपुत्र समजतात. त्यांच्यापैकी एकानं रजिस्टरात लिहिलं, 'जन्मानं ए विंगचे नसल्यामुळे डावलले जाणे हे पूर्वापार चालत आलेले आहे.' त्याखाली दुसऱ्याचं अक्षर, 'कर्णाच्या रथाचं चाक रुतलं हे खरं, पण रथ उभा करायला त्याला जागा होती.' त्याखाली सेक्रेटरींची सही आणि शेरा, 'विषय कमिटीपुढे ठेवला आहे.' गंमत अशी की 'मृत्युंजय' वाचून आपण कर्णच आहोत असं सगळ्यांना वाटतं. आपण शल्य आहोत असं एकालाही वाटत नाही. वास्तविक गाडी मागे घेणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून "जमणार नाही तुम्हाला, खांबाला लागणार" असं म्हणत त्याचं अवसान घालवणारे आमच्याकडे मजल्यागणिक आहेत.

ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाबतीत मी जपून लिहायचं ठरवलं होतं. तळमजल्यावरचे आजोबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कणा पाहिला, 'रणांगण', आणि घेऊन गेले. मी सांगायला गेलो, ऐकायला त्यांनी कानात यंत्र घातलं नव्हतं. विश्राम बेडेकरांनी 1939 साली लिहिलेली ही छोटीशी कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि नाझींच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी भेटतात, आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत जे घडायचं ते घडतं. मला विचाराल तर मराठीतल्या कित्येक धष्टपुष्ट कादंबऱ्या हिच्यासमोर नुसत्या आहार घेतल्यासारख्या वाटतात. आजोबांनी दोन दिवसांत परत आणली.

"कसली लढाई रे ही? तोफ नाही, रणगाडा नाही. पोरगी आहे."

"आवडली नाही?"

"तसं म्हणालो का मी?" आजोबांनी इकडेतिकडे बघितलं. "आजी विचारेल. रजिस्टरात लिही, तोफा होत्या म्हणून."

मी लिहिलं. ग्रंथपालाला काही गोष्टी कराव्या लागतात.

त्यांची भरपाई म्हणून मी विश्वास पाटलांचं 'पानिपत' दिलं, 1988चं. तोफा भरपूर. आणि इथून आमच्या वाचनालयाचा खरा इतिहास सुरू होतो. पानिपतावरचं काहीही वाचताना शेवट आपल्याला ठाऊक असतो. 14 जानेवारी 1761, दुपारनंतर सगळं फिसकटणार. तरी दर वेळी वाटतं, या खेपेला तरी भाऊ हत्तीवरून उतरणार नाही. छापील पुस्तकाबद्दल अशी आशा धरणं हा वेडेपणा आहे, पण तो मराठी घराघरात वंशपरंपरेनं चालत आलेला आहे. आजोबांनी रविवारी सकाळी पार्किंगमधल्या कॅरमच्या टेबलावर सैन्य मांडलं. मधली बशी म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. डावीकडे उलटे ठेवलेले कप, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा. होळकर आणि शिंदे ही उजव्या अंगाची बिस्किटं. समोर चहाची किटली, अब्दाली.

"गोलाची लढाई ठरली होती ना? मग गोल मोडायचा नाही!" आजोबांनी बशी दाबून धरली.

"पण पोटात अन्न नाही हो सैन्याच्या," खजिनदार म्हणाले आणि होळकर खाल्ला.

"हे बघा! हे असं होतं! ऐन वेळी उजवी बाजू जागेवर नसते!"

त्यावरून होळकर मैदानातून गेले की त्यांना घालवलं, असा वाद पेटला. इंदूरकडचं माहेर असलेल्या एक काकू गच्चीत पापड वाळत घालत होत्या, त्या वरूनच वादात उतरल्या. तासाभरानं अब्दाली थंड झाला, तो पुन्हा गरम करून आणला गेला, आणि माझ्या देखत मराठे तेवढ्या एका रविवारी पानिपत जिंकले. रजिस्टरात आजोबांचा शेरा आहे, 'लेखकाने अमुक ठिकाणी घाई केली.' लेखकानं की भाऊंनी, ते स्पष्ट केलेलं नाही.

कोणतं पुस्तक कुणाच्या हाती लागावं यावर ग्रंथपालाचा काही ताबा नसतो. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' ही 1974ची कादंबरी बी विंगमधल्या आजी नातवासाठी घेऊन गेल्या. नातवाचे पाढे कच्चे होते. मी घरी नव्हतो. बायकोनं विश्वासानं नोंद करून दिलं. परत आलं तेव्हा मुखपृष्ठावरचं 'त्रेचाळीस' लाल पेनानं खोडून वर 'बेचाळीस' केलेलं होतं. रजिस्टरात शेरा, 'नावातच चूक. आत काय असणार?' आत जे आहे ते आजींनी उघडून पाहिलं नाही हे माझं नशीब. नाहीतर मला सोसायटी सोडावी लागली असती.

'कोसला'मुळे मात्र ती वेळ जवळजवळ आलीच. नेमाड्यांनी पंचविसाव्या वर्षी 1963 साली ही कादंबरी दिली, आणि तेव्हापासून दर वर्षी हॉस्टेलची काही पोरं कामातून जातात. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो आणि काहीही न कमावता परत जातो, हे ज्या वयात वाचायचं त्याच वयात वाचलं तर आई-वडिलांना जड जातं. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा पुस्तक घेऊन गेला. आठवड्यानं त्याचे वडील दारात.

"काय दिलंत तुम्ही त्याला? जेवायला चल म्हटलं तर म्हणतो, जेवून काय होणार आहे वगैरे."

"वगैरे म्हणाला?"

"हो. प्रत्येक वाक्यात वगैरे आणि उदाहरणार्थ. केस कापत नाही. परवा त्याच्या मावशीला म्हणाला, तुम्ही उदाहरणार्थ मावशी आहात."

मी त्यांना धीर दिला. म्हटलं, हे आपोआप उतरतं, मलाही आलं होतं. ते माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले. "किती वर्षांत उतरतं?" असं त्यांनी विचारलं, त्यातला खोचकपणा मी सोडून दिला. नेमाड्यांचीच 'हिंदू', 2010ची, सेक्रेटरींनी स्वतः कपाटात लावली ती इमारत देखभालीच्या फायलींशेजारी. मी कारण विचारलं तर त्यांनी 'जगण्याची समृद्ध अडगळ' या शब्दांवर बोट ठेवलं. "एवढ्या मोठ्या लेखकाला अडगळीवर सहाशे पानं लिहावी लागली, आणि आपले लोक जिन्यात तुळशीच्या कुंड्या ठेवतात." ती त्यांनी वाचली असती तर निदान दहा सभा टळल्या असत्या.

आता जीए. मराठी वाचकाला जगात कशाचंही भय वाटत नाही, फक्त 'जी. ए. कुलकर्णी मला कळले नाहीत' असं म्हणायचं भय वाटतं. त्यासाठी आपण काही सोयीची वाक्यं करून ठेवली आहेत. 'ते आपल्याला एका वेगळ्याच पातळीवर नेतात.' 'त्यांचं विश्वच निराळं.' मी स्वतः यातली सगळी वाक्यं चारचौघांत टाकलेली आहेत आणि समोरच्यानंही मान हलवलेली आहे. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो परत केला, ही गोष्ट सांगितली की पुस्तकाबद्दल बोलायची गरजच उरत नाही. अशी ती 'काजळमाया' मी, केवळ आपलं वाचन उच्च दर्जाचं आहे हे दिसावं म्हणून, पहिल्या मजल्यावरच्या मावशींना दिली. त्यांनी मागितलं होतं, "झोप येत नाही रे रात्री, गोष्टींचं काहीतरी दे."

चार दिवसांनी जिन्यात भेटल्या. डोळे सुजलेले.

"मावशी, झोप येते का आता?"

"येते रे. पण घ्यायची भीती वाटते."

त्यांना मी लगेच 'चिमणराव' दिला. आता बऱ्या आहेत.

खऱ्या अर्थानं वाचणारा मेंबर आमच्या वाचनालयाला एकच मिळाला, तो म्हणजे वॉचमन. लातूरकडचे हे मामा रात्रीच्या ड्युटीला असतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाटाचा खालचा कप्पा संपवला. तिथं नारायण धारप होते. धारपांबद्दल माझं मत: दुपारी दोन वाजता, घरात माणसं असताना, पंखा चालू ठेवून वाचावेत. मामांनी ते रात्री बाराला, केबिनमध्ये, एका बल्बखाली वाचले. त्याच रात्री खजिनदार आणि त्यांची मिसेस रिसेप्शनहून उशिरा परतले. वहिनींची साडी पांढरी, सोनेरी काठाची. रिक्षाच्या वाऱ्यानं अंबाडा सुटलेला. फाटकाला आतून कुलूप.

"कोन हाय?"

"मामा, मी. खजिनदार. उघडा."

"तुमी हाय ते दिसतंय. मागं कोन हाय?"

"अहो, बायको आहे माझी!"

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमाला तसं वाटतंय, सायेब."

यानंतरचं संभाषण सोसायटीच्या कॅमेऱ्यात चित्ररूपानं जपलेलं आहे, आवाज नाही. मामा बॅटरीचा झोत वहिनींच्या पायांवर टाकतात. वहिनी नाही म्हणतात. खजिनदार हात जोडतात. शेवटी वहिनी निऱ्या चार बोटं वर उचलतात, एक सँडल काढतात, आणि मामा फाटकाच्या गजांतून वाकून, बोटं पुढे आणि टाच मागे असल्याची खात्री करून घेतात. दुसऱ्याही पायाची. मग कुलूप उघडतं. रजिस्टरात धारपांच्या पानावर वहिनींचा शेरा आहे, 'वॉचमनला देऊ नये.' त्याखाली खजिनदारांचा, 'रात्रीच्या सुरक्षेत लक्षणीय सुधारणा.' एकाच घरातली ही दोन मतं एकाच पेनानं लिहिलेली आहेत.

भुतांवर उतारा म्हणून मी मामांना बाबुराव अर्नाळकर दिले. बाबुरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. म्हटलं, मामा निवृत्त होईपर्यंत पुरतील. आमच्या वडिलांच्या पिढीनं त्या अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या आणि म्हातारपणी 'आमच्या वेळी वाचनसंस्कृती होती' असं सांगितलं. झुंजार आणि काळा पहाड अंगात भिनल्यावर मामांना भुतांची भीती उरली नाही, माणसांचा संशय वाटू लागला. आगंतुकांच्या वहीत 'कुरिअर' या शब्दापुढे 'असे म्हणतो' अशी नोंद यायला लागली. माझ्या मेव्हण्यापुढे 'वारंवार येतो, हेतू कळत नाही' असं लिहिलेलं आहे. हे मला बरेच दिवस म्हणायचं होतं.

माझ्या मतांना लोक नि:पक्षपाती समजत असतील तर तसं नाही. 'पाडस'चंच घ्या. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद मी एकदा सकाळच्या लोकलमध्ये उभ्यानं वाचत होतो. अनुवाद आहे हे पानोपान विसरायला होतं. फ्लोरिडाच्या जंगलातलं ते एकटं पोरगं आणि त्यानं वाढवलेलं हरणाचं पिल्लू. शेवटाकडे आलो आणि दिवा स्टेशनला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारच्या माणसानं पुस्तकाकडे न बघता माझ्याकडे बघितलं, "घरी कुणी...?" असं हळूच विचारलं, आणि उठून मला चौथी सीट दिली. डोंबिवलीकराला चौथी सीट म्हणजे काय, हे मुंबईच्या आतल्या लोकांना सांगून कळायचं नाही. तेव्हापासून गुडघे दुखायला लागले की मी 'पाडस' उघडतो. शेवटची वीस पानं पुरतात. या पुस्तकाबद्दल मी कधीही वाईट बोलणार नाही.

मात्र सगळ्या रजिस्टरात ज्या पुस्तकापुढे माझं मत थिटं पडलं ते म्हणजे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा', 1970 सालचं. मी लिहिलं होतं, 'मराठीतलं सर्वांत प्रामाणिक पुस्तक. वाटी म्हटलं की वाटी.' आमच्या कपाटात आलेली प्रत कुणाच्या तरी सासूबाईंची. बांधणीत मोहरीचा एक दाणा घट्ट रुतून बसलेला, तो सुईनंही निघत नाही. भाज्यांच्या पानांच्या कडेला हळदीचा अंगठा उमटलेला, अगदी शिक्क्यासारखा. काही पानं तुपानं इतकी पारदर्शक झालेली, की पुढच्या पानावरचे जिन्नस याच्यात मिसळून दिसतात. आणि काही पानं कोरी करकरीत, म्हणजे तो पदार्थ त्या घरात जन्माला आलाच नाही. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं. 'साखर निम्मी.' 'ह्यांना आवडलं, बोलले नाहीत.' 'नणंद आली होती, फसलं.' एका पक्वान्नापुढे फक्त तारीख आणि 'पुन्हा करू नये'. मी हे सगळं रात्री जागून वाचलं. पुढे काय होतं याची इतकी उत्सुकता मला अर्नाळकरांनीही लावली नव्हती. नणंद पुन्हा आली का? आली, लाडवांच्या पानावर. जमले. पुढे दोन उद्गारचिन्हं.

बायकोनं सकाळी विचारलं, "रात्रभर काय वाचत होतात?"

"रुचिरा."

"मग आज नाश्त्याला काय?"

"मी साहित्य म्हणून वाचत होतो."

"साहित्य वरच्या डब्यात आहे," ती म्हणाली आणि फिरायला निघून गेली.

मधल्या काळात काही मेंबरांनी मला फोनवर आलेले सुविचार दाखवून 'हे पुलंच्या कुठल्या पुस्तकात आहे?' असं विचारायला सुरुवात केली. कुठल्याच नाही असं सांगितलं की माझं वाचन कमी पडतं असा निष्कर्ष निघायचा. पुलंनी हयातीत लिहिलं त्याच्या किती तरी पट मजकूर ते हल्ली रोज सकाळी सहाला लिहितात, आणि खाली सूर्योदयाचं चित्र घालतात.

वर्ष संपलं. सर्वसाधारण सभेत अहवाल मांडायचा होता. सर्वाधिक वाचलं गेलेलं पुस्तक कोणतं, असा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, म्हणून मी कपाट तपासलं. वॉचमनचा कप्पा सोडला तर पुस्तकं बहुतेक जागच्या जागी होती, नव्यासारखी. संध्याकाळी कपाटाशी जी गर्दी व्हायची ती पुस्तकांसाठी नव्हतीच. लोक रजिस्टर वाचायला यायचे. पार्किंगवरून कोण कुणाला काय बोललं, इंदूरकडच्या काकूंनी होळकरांच्या बाजूनं केवढा लेख लिहिला, खजिनदारांच्या शेऱ्यावर वहिनींचं उत्तर आलं का. "पुढचा भाग आला का हो?" असं सी विंगच्या एका मुलीनं मला विचारलं होतं, त्याचा अर्थ तेव्हा लागला. इतकं वाचलं गेलेलं पुस्तक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, आणि त्यातली सुरुवात पंपवाल्याची आहे.

सभेच्या आदल्या दिवशी मी ते आणायला खाली गेलो. कपाटात नव्हतं.

"वाचायला नेलं असेल कुणीतरी," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "पुस्तक जातं कुठे?"

"पण कुणी नेलं?"

"एवढा गोंधळ कशाला? जो नेतो तो नाव लिहितो. रजिस्टरात बघा."